कोप्यांवरचा एक हंगाम

२०१२ मध्ये माझं डी.एड. झालं आणि त्याच वर्षी राज्यात शिक्षकभरती थांबली. मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, मग २०१७ ची अभियोग्यता चाचणी, मग २०२३ ची. मधल्या काळात लग्न झालं, मुलगा झाला, घरी शिकवण्या घेतल्या, शिलाई मशीन चालवलं. शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर नाव टाकून वाट बघण्यात आमची अख्खी बॅच अर्धी म्हातारी झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात एका छोट्या संस्थेतल्या ताईंचा फोन आला. ऊसतोडीच्या पोरांना हंगामभर शिकवायला बाई पाहिजे, मानधन आठ हजार, कारखाना बंद झाला की काम बंद. नवरा म्हणाला, "आठ हजारात पेट्रोल तरी भागंल काय?" मी म्हटलं, जवळच आहे, चालत जाते.

कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात लहानाची मोठी झालेय. ऊसतोडीवाले दरसाल बघत आले. दिवाळीच्या तोंडाला बैलगाड्या यायच्या, वर बाजलं, कोंबड्या, पत्र्याची पेटी, त्यावर बसलेली पोरं. लहानपणी आम्ही त्यांना चिडवायचो. त्यांच्या वस्तीत मात्र तिशी ओलांडेपर्यंत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आमच्याकडे खोपी म्हणतात, ते बीडकडचे कोपी म्हणतात. बांबूची कमान, वर चटई नाहीतर ताडपत्री, आणि आत शिरायचं तर कमरेत वाकूनच.

पहिलं काम मोजणीचं. ताईंनी एक वही दिली आणि सांगितलं, रकाने घरी जाऊन भर, कोपीसमोर वही उघडायची नाही. वही दिसली की लोकांना वाटतं, मुकादमाचा, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराचा माणूस आला किंवा कामगार खात्याचा. मी हुशारी करून पहिल्याच दिवशी वही उघडली. एका बाईनं सांगितलं, एकच लेकरू आहे. तिच्या मागून तीन डोकी डोकावत होती.

चार दिवसांत एक्केचाळीस कोप्या झाल्या. बीडच्या धारूर, वडवणी, पाटोदा तालुक्यातली माणसं, आणि वेगळ्या रांगेत बंजारा तांड्यावरची. चौदापर्यंतची अठ्ठावन्न मुलं. त्यातली सहाच्या वरची तेहतीस. सगळ्यांची नावं गावच्या शाळेत होती. कागदावर एकही शाळाबाह्य नव्हतं. शाळा मात्र साडेतीनशे किलोमीटरवर.

त्या वर्षी एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. हंगाम १ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता, पण ऊसदराचं आंदोलन पेटलं आणि आमच्या भागातली तोड जवळजवळ तीन आठवडे अडली. उसाची वाहनं रस्त्यात अडवली जात होती, शेवटी २३ नोव्हेंबरला पुलाची शिरोलीला महामार्ग रोखला तेव्हा कुठे तोडगा निघाला. तोवर टोळ्या कोप्यांवर बसून होत्या. त्यांचे हाल होते, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम तर घेतलेली, रोजचं पीठ-मीठ उधारीवर. पण आईबाप दिवसा घरी सापडत होते. त्यांच्याशी बोलणं, आधारचे फोटो मागवणं, शाळेत घेऊन जाणं, हे सगळं त्याच तीन आठवड्यांत झालं. एरवी ते हंगामभर जमत नाही, असं ताई म्हणायच्या. शेतकऱ्यांचं आंदोलन आणि मजुरांची उपासमार यातून आमच्या मुलांचे शाळाप्रवेश झाले, हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

संस्थेचा एक नियम होता, त्यावरून मी पहिले काही दिवस भांडले. आपली वेगळी शाळा काढायची नाही. मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेतच दाखल करायची, आपण फक्त सकाळ-संध्याकाळ वर्ग घ्यायचा. मला वाटायचं, शेड आहे, फळा आहे, मी आहे, मग दीड किलोमीटर पायपीट कशाला? ताईंनी जुनी गोष्ट सांगितली. २००० नंतरच्या दशकात 'जनार्थ'सारख्या संस्थांनी कारखान्यांवर साखरशाळा चालवल्या, चांगल्या चालवल्या. पण पोरगं हंगामभर शिकून गावी गेलं की त्या शिक्षणाची शाळेत नोंद कशी लावायची, हा घोळ राहायचा. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा आला. वयानुरूप वर्गात प्रवेश आणि वयाचा दाखला नाही म्हणून अडवायचं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. तेव्हापासून जवळच्या सरकारी शाळेत बसवण्यावर भर आला. "आपण शिकवू गं, पण नोंद सरकारची पाहिजे," ताई म्हणाल्या.

त्या नोंदीसाठी मी शाळेत सहा फेऱ्या मारल्या. मुख्याध्यापक गुरुजी माणूस वाईट नव्हते, कंटाळलेले होते. म्हणाले, "बाई, पट तीस सप्टेंबरचा धरतात. आता घेतली तर मला शिक्षक वाढणार नाही. मार्चात ही पाखरं उडाली की गळती माझ्या नावावर. आणि तांदूळ?" गावच्या शाळेचं उलटं. तिथल्या सरांना भीती, की इकडे नाव चढलं तर तिकडचा पट घटणार. एक पोरगं, दोन शाळा, दोघांनाही त्याचं नाव पाहिजे पण वेगवेगळ्या महिन्यात! मार्ग ठरलेला आहे, गावच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड द्यायचं, त्यावर मूल इथं बसतं आणि परत जाताना इथल्या नोंदीसह तिकडे जातं. पण ते कार्ड टोळी निघायच्या आधी द्यायला हवं. टोळी पहाटे दोनला निघते आणि कार्ड देणारे सर तालुक्याला राहतात. तेहतीसपैकी चौघांकडे कार्ड होतं. बाकीच्यांसाठी मी व्हॉट्सॲपवर फोटो मागवले. कुणाची आजी, कुणाचा चुलता, एका ठिकाणी किराणा दुकानदार. दुकानदारानं आधारकार्ड वजनकाट्यावर ठेवून फोटो काढला होता, कार्डाखाली साडेतीनशे ग्रॅमचा आकडा दिसत होता. तो कुणाच्या मालाचा होता कोण जाणे.

सहाव्या फेरीला गुरुजींनी स्वतःच रजिस्टर ओढलं. "लिहा," म्हणाले, "खिचडीचं बघू कायतरी." तेवीस मुलं बसली. उरलेल्या दहाजणांचं पुढे सांगते.

आंदोलन मिटलं आणि तोड सुरू झाली. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात पाच मुलं होती.

मी सकाळी सातला शेडमध्ये जायचे. कोप्यांवर मोठं माणूस एक नसायचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तो पहाटे चारला फडात गेलेला. मागं पोरं. एक मुलगी चूल पेटवून बसलेली असायची, कमरेवर दहा महिन्यांचा भाऊ. तिला सगळ्या कोप्यांवर आक्का म्हणत, तिच्याहून मोठी मुलंसुद्धा. अकरा वर्षांची, चार भावंडांत थोरली. पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, अकराला फडात जेवण पोचवायचं, येताना वाढ्याची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची पेंढी आणायची, दिवसभर बारक्याला सांभाळायचं. शाळा यात बसवायची कुठे? मी तिला म्हटलं, "आक्का, उद्यापासून ये हं." ती म्हणाली, "यीन की म्याडम. ह्याला कुठं ठिवू?"

तिच्या आईला गाठायला मी रात्री नऊला गेले. बाई भाजी चिरत होती, हातावर पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा, त्यात कोयत्याचा काळेपणा बसलेला. मी मुलीच्या शिक्षणावर बोलले. बरंच बोलले, डी.एड.ला पाठ केलेलं सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमचं लेकरू कुणापाशी असतंय?"

माझा मुलगा सासूबाईंकडे असायचा. मी गप्प बसले.

ताईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग आधी बारक्यांची सोय कर, फळा नंतर टांग. मला ते खालच्या दर्जाचं वाटलं होतं, खरं सांगते. अकरा वर्षं शिक्षिका व्हायची वाट बघून पाळणे हलवायचे? पण दुसरा रस्ता नव्हता. शेडच्या एका कोपऱ्यात चटया टाकल्या, चार झोळ्या बांधल्या. टोळीतली एक म्हातारी तोडणीला जात नव्हती, दिवसभर कोपीत खोकत बसायची. तिला संस्थेनं थोडं मानधन धरलं. दुपारी बारक्यांना वरण-भात. पाचव्या दिवशी आक्का आली, बारक्याला झोळीत टाकलं, झोका दिला आणि पाटी घेऊन पहिल्या रांगेत बसली. मागोमाग सहा मुली आल्या. प्रत्येकीच्या कमरेवर एक.

वेळही बदलली. सकाळी सहा ते साडेआठ वर्ग, मग शाळेत जाणारी वडापच्या जीपनं जायची. दीड किलोमीटर म्हणजे काही लांब नव्हे, पण तो रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा, दोन-दोन ट्रेलर जोडलेले, कर्कश गाणी लावलेले. त्या रस्त्यानं सहा वर्षांचं पोर चालत पाठवायची माझी छाती नव्हती. रात्री सात ते साडेआठ पुन्हा वर्ग. आक्का आणि जेवण पोचवणाऱ्या बाकी मुली शाळेत उशिरा, साडेबाराला पोचायच्या. गुरुजींनी त्यांची हजेरी दुपारी घ्यायला सुरुवात केली. नियमात बसतं की नाही मी विचारलं नाही.

वाचनाची चाचणी घेतली ती सगळीकडे घेतात तशीच. अक्षरं, मग शब्द, मग छोटा उतारा, मग गोष्ट. पाचवीतल्या आक्काला अक्षरं येत होती, शब्द नाही. चौथीतला एक मुलगा 'क' ओळखायचा, बाकी सगळी अक्षरं त्याच्यासाठी नक्षी. माझ्याकडच्या कार्डांवर नळ, बदक, सफरचंद. बदक कुणी पाहिलेलं नव्हतं. आठवड्यानं मी ती कार्डं पिशवीत टाकली आणि ऊस, बैल, फड, मोळी, कोपी, कोयता लिहिलं. 'ऊस' पहिल्या दिवशी सगळ्यांना वाचता आलं. 'उचल' हा शब्द मी घेतला नव्हता, एका पोरानं मागितला. "म्याडम, उचल कशी लिवायची?"

तांड्यावरची मुलं आठवडाभर तोंड उघडत नव्हती. मला वाटलं लाजतात. त्यांची घरची बोली गोरमाटी, माझं कोल्हापुरी मराठी त्यांना अर्धंच कळत होतं. बीडच्या मुलांनासुद्धा माझं "हिकडं ये की गं" ऐकून हसू यायचं. मग फळ्यावर 'आई'शेजारी 'याडी' लिहिलं, 'भाकरी'शेजारी 'बाटी'. एक छोटी मुलगी उठून फळ्यापर्यंत आली आणि 'याडी'वर बोट ठेवून उभीच राहिली. वाचत नव्हती, नुसतं बोट. त्यानंतर मला रोज शब्द पुरवणारे चार मास्तर मिळाले आणि माझे उच्चार ऐकून अख्खा वर्ग लोळायचा.

गणिताचं मात्र वेगळंच. ज्याला अक्षर येत नव्हतं तो आठवड्याच्या टनांचा हिशेब तोंडी सांगायचा. एकदा आक्काचा मधला भाऊ कारखान्याची वजनचिठ्ठी घेऊन आला, मळकी, चार घड्या घातलेली. भरलेली गाडी ३५१० किलो, रिकामी ८७०. मी फळ्यावर वजाबाकी मांडली, हातचा घेऊन. पाटीवर कुणालाच जमेना. मी पायरी पायरीनं समजावू लागले तोवर तो मागून म्हणाला, "दोन टन सहाशे चाळीस." कसं काढलंस? "आठशे सत्तरला एकशेतीस घातले की हजार. मग अडीच हजार नि धा. झालं की." मी माझा हातचा पुसून टाकला. पुढचे दोन महिने आमचं गणिताचं पुस्तक म्हणजे त्या चिठ्ठ्या होत्या. पालकही रात्री चिठ्ठ्या आणून द्यायला लागले, आणि खरं सांगायचं तर तिथून त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. मुकादमाच्या वहीतला आकडा आणि चिठ्ठीवरचा आकडा पोरगं जुळवून सांगतंय म्हटल्यावर शाळा कशाला हे वेगळं सांगावं लागलं नाही. मुकादम मात्र दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

जानेवारीत बातमी आली, तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ, टनाला २७३ चे ३६६. त्या रात्री वर्गाच्या दारात बाप्ये येऊन उभे राहिले. एकानं विचारलं, "टक्के म्हंजी नेमकं काय वो बाई?" मी शंभर काड्या मोजून ठेवल्या, त्यावर चौतीस वाढवल्या. मग दोनशे त्र्याहत्तरवर आलो. पोरं आणि बाप मिळून ९३ रुपयांच्या फरकावर पोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते. पहाटे चारला फडात जायचं होतं त्यांना. आणि सगळा आनंदच होता असंही नाही. एक म्हातारा म्हणाला, वाढ मुकादमाच्या उचलीतच जिरणार.

फेब्रुवारीत दोन गोष्टी झाल्या. एका सकाळी गेले तर नऊ कोप्यांच्या जागी नुसते खळगे, विझलेल्या चुली आणि एक फाटकी चप्पल. टोळी रात्रीत दुसऱ्या गटाला हलवली होती, सीमेपलीकडे कर्नाटकात असं कळलं. शाळेत बसवलेल्यांपैकी सात मुलं त्यात होती. त्यातला तो चौथीतला, 'क'वाला, नुकताच उतारा वाचायला लागला होता. मी मुकादमाला फोन लावले, त्यानं दोनदा उचलला, तिसऱ्यांदा नाही. त्या मुलांची कार्डं अजून माझ्या कपाटात आहेत. त्यांच्या शाळेला पोस्टानं प्रती पाठवल्या, पोच आली नाही.

आणि महिनाअखेरीला पोर्टलची यादी लागली. माझं नाव नव्हतं. मोबाईलवर ती फाइल मी शेडमध्येच उघडली, झोळीला झोका देत. एवढंच त्याबद्दल.

आता त्या दहाजणांचं. ती मुलं शाळेत गेलीच नाहीत. तेरा-चौदाची होती, त्यातले सहाजण बापाबरोबर तोडायला, मोळ्या बांधायला. दोघी मुली. रात्रीच्या वर्गाला कधी यायचे, बसल्या बसल्या झोपायचे. त्यातल्या एका मुलीचं हंगाम संपल्यावर लग्न ठरल्याचं मला तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. ताई तिच्या आईबापांशी तीनदा बोलल्या, गावच्या अंगणवाडी सेविकेला कळवलं. लग्न झालं की नाही ते नक्की कळलं नाही. माझ्या मते या वयाची मुलं इथं आणूच नयेत. गावात हंगामी वसतिगृह चालतं, तिथं त्यांना ठेवावं, आणि संस्थांनीही कोप्यांवर वर्ग वाढवण्याऐवजी त्या वसतिगृहांचा जेवणाचा आणि झोपण्याचा दर्जा बघावा. ताईंना हे पटत नाही. त्या म्हणतात, वसतिगृहावर विश्वास नसतो म्हणून तर आई लेकीला बरोबर आणते. दोघींचंही खरं असेल.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला. शेवटच्या आठवड्यात मी आणि गुरुजी रात्री बसून कार्डं भरली. हजेरीचे दिवस, मूल्यमापन, शिक्का. चाचणी पुन्हा घेतली होती. उरलेल्या सोळापैकी अकरा मुलं उतारा वाचत होती, चौघं शब्दांवर, एक अजून अक्षरांवर. आक्का गोष्ट वाचत होती, अडखळत, ओळीखाली बोट सरकवत. तिनं कार्ड घेऊन आईच्या चिठ्ठ्यांच्या प्लास्टिक पिशवीत ठेवलं. गाडी पहाटे निघणार होती. मी तीनला उठून गेले. बाजलं, कोंबड्या, पत्र्याची पेटी, वर आक्का. बारक्या तिच्या मांडीवर झोपलेला.

जूनमध्ये गावच्या सरांना फोन केला. म्हणाले, कार्ड मिळालं, मुलगी सहावीत बसली. एवढंच बोलले आणि रेंज गेली.

पुढच्या हंगामात विधानसभेचं मतदान उरकून टोळ्या आल्या, तोवर नोव्हेंबर संपत आला होता. या वेळी मी वही घरी ठेवून गेले. आक्काच्या आईनं लांबूनच हाक मारली. मी गाडीवर बघत होते, आक्का नव्हती. "हॉस्टेलात ठिवली बाई तिला," आई म्हणाली. "लईच हट्ट केला तिनं. म्हणली, वाचायचं बंद पडतंय." मला हसू आवरेना. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात पेटीमागून तिची धाकटी बहीण उतरली. सात वर्षांची. कमरेवर बारक्या, आता चांगलाच जड झालेला, त्याचे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते.

शेडच्या पत्र्याला झोळ्यांच्या दोऱ्या तशाच होत्या. त्यातली एक ओढून बघितली, धरतेय का ते. मग घरी येऊन वही उघडली आणि पहिल्या ओळीवर बारक्याचं नाव लिहिलं, त्याच्याखाली तिचं.